उत्तर: होमब्रूचा सेटअप वाढवताना २४० व्होल्ट आणि परमिटची कटकट

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत ओहायोत राहता, घरी बिअर करता, किचनच्या स्टोव्हवर ५ गॅलनची एक्स्ट्रॅक्ट किट्स (माल्टच्या तयार अर्काची) करून झाली, आता ऑल-ग्रेनवर (थेट धान्यापासून करण्यावर) जायचंय, बेसमेंटमध्ये ५५०० वॉटची इलेक्ट्रिक केटल (बिअर उकळायचं मोठं भांडं) लावायचीय, आणि सर्किटचं परमिट मागायला सिटीच्या काउंटरवर गेलात तर त्यांनी ब्रूइंग म्हटल्याबरोबर "ब्रुअरी लायसन्स आणा" म्हणून परत पाठवलं. अहो, हे सगळं जसंच्या तसं माझ्यासोबत झालंय. मिडवेस्टातलंच गाव, नाव लिहीत नाही, पण पूर्ण हिवाळा त्यात गेला आणि केटल खोक्यात पडून राहिली.

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रिशियन नाही, वकील नाही, प्रत्येक गावाचे नियम वेगळे असतात, त्यामुळे खालचं सगळं स्वतः तपासून घ्या. सॅनिटायझेशन, हायड्रोमीटर, रेसिपी वगैरे तुम्हाला येतंच, त्यावर बोलत नाही.

मुख्य मुद्दा हा की इलेक्ट्रिकल परमिट हे वायरचं असतं, बिअरचं नसतं. त्या खात्याने बघायचं ते एवढंच की ब्रेकर किती अँपचा, वायर किती गेजची, आउटलेट कुठला, ग्राउंड आहे का. आमच्या काउंटरवरच्या बाईंनी काय केलं, तर अर्जात ब्रूइंग शब्द दिसला म्हणून फाइल झोनिंगकडे (जागेचा वापर ठरवणाऱ्या खात्याकडे) सरकवली. झोनिंगने हेल्थ खात्याकडे पाठवली. हेल्थवाले म्हणाले घरगुती वापराशी आमचा संबंध नाही, पण ते लेखी द्यायला तयार नाहीत, आणि परत काउंटरवर गेलो तर तिथे लेखी पाहिजे. मधल्या काळात कमर्शियल किचनसारख्या हूडचा (वाफ ओढणाऱ्या झाकणाचा) ड्रॉइंग-प्लॅन मागितला, त्याच्या तपासणीची फी घेतली, ती परत मिळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे नकारही दिला नाही. नकार दिला असता तर अपील करता आलं असतं, फाइल नुसती "पेंडिंग" ठेवली की माणूस काय करणार? इलेक्ट्रिशियनचं कोटेशन संपलं, नवीन कोटेशन वाढीव आलं, केटलची परत करायची मुदत गेली, वॉरंटीचा निम्मा काळ खोक्यातच सरला. मी घरगुती बिअरच्या फेडरल (केंद्र सरकारच्या) कायद्याची प्रिंट घेऊन गेलो होतो, ती त्यांनी हातातही घेतली नाही. अजूनही लिहिताना चीड येते, कारण समोरचा माणूस नियमाने वागायला आलाय, न विचारता वायर ओढणारा नाही, आणि नेमका तोच अडकतो.

तो कायदा तुम्हाला माहीत असावा म्हणून लिहितो. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि १९७९ पासून घरच्यासाठी बिअर करणं फेडरल करातून मोकळं झालं, घरात दोन किंवा जास्त मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकटे असाल तर १००, विकायची नाही. टायटल २६, कलम ५०५३. राज्यांचे कायदे वेगळे असतात, मिसिसिपी आणि अलाबामा तर २०१३ मध्ये कुठे तयार झाले, पण ओहायोत चालतं. म्हणजे ब्रुअरी लायसन्सचा प्रश्नच येत नाही. पण काउंटरवर हे भाषण देऊन उपयोग नाही, अनुभवाने सांगतो.

उपयोग कशाचा झाला तर इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरशी थेट बोलण्याचा. काउंटरचे लोक आणि इन्स्पेक्टर वेगळे असतात, बऱ्याच ठिकाणी इन्स्पेक्टर सकाळी फिरतीवर निघण्याआधी फोनवर भेटतात. मी सगळं खरं सांगितलं, घरी बिअर करतो, पाणी उकळायचं एलिमेंट आहे, तर तो म्हणाला की मला हीटिंग अप्लायन्ससाठी २४० व्होल्ट ३० अँपचं जीएफसीआय (गळती झाली की करंट तोडणारं) सर्किट एवढंच दिसतंय, तसाच नवीन अर्ज करा. मग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनने स्वतःच्या नावावर परमिट काढलं आणि मामला मिटला. तुम्हाला खोटं लिहायला सांगत नाहीये हं, कोणी विचारलं तर खरं सांगा. पण फॉर्ममध्ये कामाचं वर्णन विचारलंय तिथे काम लिहा, छंद लिहू नका. माझं ठाम मत आहे की परमिट इलेक्ट्रिशियनलाच काढू द्या. घरमालकाला बऱ्याच गावांत स्वतः काढता येतं, पण इलेक्ट्रिशियनची तिथे रोजची ओळख असते आणि काउंटरवर कुठले शब्द चालतात ते त्याला माहीत असतं. आणि तो पहिला अर्ज नुसता सोडून देऊ नका, लेखी मागे घ्या, नाहीतर नवीन अर्जाला तोच जुना शेरा चिकटतो.

परमिट न काढता करून टाका असं सांगणारेही इथे येतील. माझं ऐकाल तर नको. घर विकताना ते निघतं, आणि आग लागली तर इन्शुरन्सवाल्यांना कारणच मिळतं.

आता सर्किटबद्दल. ५५०० भागिले २४० म्हणजे साधारण २३ अँप. ३० अँपच्या ब्रेकरवर सतत चालणारा लोड ८० टक्के, म्हणजे २४ अँपपर्यंत धरतात, त्यामुळे बरोबर बसतं, वायर १० गेज तांब्याची. जीएफसीआय हवाच, यात तडजोड नाही. ओली फरशी, ओले हात आणि पाण्यात बुडलेलं एलिमेंट, अशा ठिकाणी ५ मिलिअँप गळती झाली की सर्किट तुटलंच पाहिजे. ड्रायरचा आउटलेट वापरता येईल का असं तुम्ही विचारलंय. घर जुनं असेल आणि आउटलेट तीन पिनचा असेल तर त्यात वेगळी ग्राउंड वायर नसते, त्यावर केटल अजिबात लावू नका. चार पिनचा असला तरी जीएफसीआय आहे का ते बघून घ्या, जुन्या घरात बहुधा नसतं. अजून एक, काही अपार्टमेंट बिल्डिंगमध्ये २४० ऐवजी २०८ व्होल्ट येतात, तिथे हेच एलिमेंट साधारण ४१०० वॉटच देतं. तुमचं स्वतःचं घर आहे म्हणून तुम्हाला लागू नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागेल.

पण खरंच २४० लागतंच का, हे एकदा स्वतःला विचारा. १२० व्होल्टच्या साध्या १५ अँपच्या सर्किटवर सतत १४४० वॉटच्या आसपास ओढता येतात. तेवढ्यात मॅशनंतरचं (धान्य गरम पाण्यात भिजवून झाल्यावरचं) ७ गॅलन वर्ट, म्हणजे धान्याचं गोड पाणी, ६७ अंशांवरून उकळीला यायला, काहीच उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी पाऊण तास लागतो, प्रत्यक्षात तासाच्या वर, आणि उकळीही मरतुकडी येते. ५५०० वॉटवर तेच गणित अकरा-बारा मिनिटांचं आहे. म्हणजे ५ गॅलनच करायचं असेल तर २४० ला पर्याय नाही हे मान्य. पण अडीच गॅलनचा बॅच केलात तर तुमचीच जुनी ५ गॅलनची केटल, धान्यासाठी एक जाळीची पिशवी, आणि किचनचा स्टोव्ह यावर ऑल-ग्रेन आजच सुरू होतं. याला ब्रू इन अ बॅग म्हणतात, धान्य पिशवीत ठेवूनच भिजवायचं, ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी रुळवलेली पद्धत. दोन डझन बाटल्या निघतात, परमिट येईपर्यंत हात बसतो. फक्त मिल केलेलं (भरडलेलं) धान्य ताजं घ्या.

आणि आता माझा हट्टाचा विषय. तुमच्या पोस्टमध्ये केटल, पंप, कंट्रोल पॅनेल सगळं आहे, पण फर्मेंटेशनच्या (आंबवण्याच्या) तापमानाबद्दल एक ओळ नाही. पहिले पैसे तिथे घाला. उकळायचं भांडं कितीही भारी घेतलं तरी बिअर यीस्टच करतं, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत फर्मेंटरच्या आतलं तापमान खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी वर जातं. बेसमेंट २१ ला असेल तर आत २५ होतं, आणि मग ती नेलपॉलिश रिमूव्हरसारखी चव आणि दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी. इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही आणि मे महिन्यात आंबून बाहेर येतं, ते ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं समजवायला नको. जुना फ्रिज, एक तापमान कंट्रोलर, सेन्सर फर्मेंटरच्या अंगाला टेपने चिकटवून वर स्पंजचा तुकडा, बस. यूएस-०५ सारखं एल (खोलीच्या तापमानाच्या आसपास आंबणारी बिअर) यीस्ट १८ वर सोडा, शेवटी २०-२१ पर्यंत चढू द्या. लागर (थंडीत आंबणारी बिअर) असेल तर १० ते १२. हे १२० व्होल्टवर चालतं आणि कुठल्याही ऑफिसात जावं लागत नाही!

पाण्याचं पण बघा. बिअरला बँडेजसारखा वास येत असेल तर बहुतेक वेळा नळाच्या पाण्यातला क्लोरीन किंवा क्लोरामाइन. क्लोरीन उकळून जातो, क्लोरामाइन सहजासहजी जात नाही, त्याला कॅम्पडेनची (सल्फाइटची) एक गोळी २० गॅलनला पुरते. तुमच्याकडे कुठलं वापरतात ते सिटीच्या वार्षिक पाणी अहवालात मिळतं, दरवर्षी १ जुलैपर्यंत तो द्यावाच लागतो. आमच्या पाणीखात्याच्या माणसाने मात्र फोनवर कॅल्शियम आणि सल्फेटचे आकडे न कंटाळता वाचून दाखवले होते, हेही सांगायला हवं. एकाच सिटीतली दोन खाती!

बेसमेंट म्हणून दोन गोष्टी. तासाभराच्या उकळीत साधारण एक गॅलन पाणी वाफ होऊन भिंतींवर बसतं, त्यामुळे बाहेर फेकणारा पंखा नाहीतर केटलच्या झाकणाला स्टीम कंडेन्सर (वाफेचं परत पाणी करणारं यंत्र) लावा. कंडेन्सर वापरला तर एलिमेंट कमी पॉवरवर ठेवता येतं. आणि परमिट लांबलं म्हणून प्रोपेन बर्नर आत आणू नका, गॅरेजचं दार उघडं ठेवूनसुद्धा नको, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. केगिंगला (बाटल्यांऐवजी पिंपात भरण्याला) जाल तेव्हा सीओटूची टाकी बंद खोलीत ठेवताना गळती तपासा, सांध्यांवर स्टार सॅन (फेसाळणारं सॅनिटायझर) फवारलं की बुडबुडे लगेच दिसतात.

कोणीतरी खाली विचारलंय की जुना सेटअप पुण्याला भावाकडे पाठवला तर. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, लायसन्सशिवाय घरी बिअर करणं तिथे गुन्हा आहे. तिथल्या ब्रूपबना लायसन्स असतं, घराला मिळत नाही. भांडी पाठवा हवी तर, स्वयंपाकाला होतील.

खरेदीचा क्रम माझ्या मते असा ठेवा: फ्रिज आणि कंट्रोलर आत्ताच, पिशवी आत्ताच, मग इलेक्ट्रिशियनला बोलावून मुख्य पॅनेलमध्ये दोन खान्यांची जागा आहे का ते बघून घ्या, मग परमिट, आणि इन्स्पेक्टरची सही हातात आल्यावरच केटलची ऑर्डर. विकणारा सांगेल की सेल संपतोय. हे सेल पुन्हा पुन्हा लागतात, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या सणाच्या) सुमाराला तर हमखास. इन्स्पेक्शनच्या दिवशी केटल लागत नाही, इन्स्पेक्टरला फक्त ब्रेकर, वायर आणि आउटलेट बघायचं असतं.