चिखलात कसलं आलंय करिअर?

प्रश्न : मुलीला बारावीला ७४ टक्के आहेत. नीट दोनदा दिली, गुण कमी पडले. सीईटीचा पीसीबी गटही दिला आहे. मी तिला तिसऱ्यांदा नीट द्यायला सांगतोय. पण वेंगुर्ल्याला बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन, म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यातली झाडी, दाखवतात, ते बघून आल्यापासून तिने 'मला खाडीचं काम करायचंय' असा धोशा लावलाय. माझ्या आईने खाडीतली कालवं काढून मला शिकवलं. त्या चिखलातून बाहेर पडायला आम्हाला दोन पिढ्या लागल्या. हिने परत तिथेच जायचं? फार तर वनअधिकारी होऊ दे, लोकांना बंदी घालायची नोकरी तरी मानाची आहे. हल्ली ती जेवायलाही आमच्याबरोबर बसत नाही.
– एक पालक, देवगड तालुका

उत्तर : गुणांचं नंतर बघू. मुलगी जेवायला बरोबर बसत नाही, हे तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत आणि मला काळजी त्याचीच वाटते. दोन वर्षं एकाच परीक्षेमागे घालवून हाती काही न लागलेल्या मुलीच्या मनाचं काय झालं असेल, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. तिसऱ्यांदा नीट द्यायची तिची इच्छा आहे का, हेही नाही. क्लासचे पैसे भरण्याआधी तिला हे विचारा आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या, मध्ये तोडू नका. झोप, खाणं बिघडलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत.

तुमची भीती मला खोटी वाटत नाही. ओहोटी गाठून, कमरेत वाकून कालवं काढणाऱ्या बाईच्या हाताला कशा चिरा पडतात, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. पण त्या कष्टाला मान नव्हता तो चिखलामुळे नव्हे. मालाचा भाव दुसरा ठरवायचा आणि खाडीचं काय करायचं हे त्या बाईला न विचारता ठरायचं, म्हणून मान नव्हता. तुमच्या मुलीला जे काम करायचंय, ते नेमकी हीच रीत बदलण्याचं काम आहे. ते तिने वेंगुर्ल्यात पाहिलं. मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवतात, तिवर आणि चिपीची झाडं ओळखून सांगतात आणि कमाई त्यांच्या गटाची असते. तुम्ही ते एकदा बघून या. तोपर्यंत मुलीशी या विषयावर वाद घालू नका.

आता तुमचा गैरसमज. संवर्धन म्हणजे बंदी, हे तुमच्या मनात बसलंय, आणि त्याला कारणही आहे. १९८७ मध्ये मालवणच्या समुद्रात २९ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, त्याला तिथल्या मच्छीमारांचा विरोध राहिला; ज्यांचं पोट त्या पाण्यावर, त्यांनाच तो निर्णय आपला वाटला नाही. पण पुढे वाट बदलली. २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. २०१७ च्या कांदळवन उपजीविका योजनेत किनाऱ्यावरच्या गावांतले गट खेकडे, कालवं, शिणाणे (एक प्रकारचे शिंपले) पाळू लागले. गटाच्या प्रकल्पाला ९० टक्के पैसा सरकारचा, बाकीचा गटाचा. ट्रॉलरच्या जाळ्याच्या खोळ्याला, म्हणजे मासळी जमते त्या टोकाच्या पिशवीला, ४० मिलिमीटरचे चौकोनी आस (जाळ्याची भोकं) लावून बघितले, तेही आपल्या सिंधुदुर्गातच. नेहमीचे आस जाळं ओढताना मिटतात, चौकोनी उघडे राहतात आणि बारकी मासळी निसटून जाते. हे होडी चालवणाऱ्या तांडेलाला पटल्याशिवाय कुठलाही अधिकारी करून घेऊ शकत नाही. २०२० च्या निसर्ग आणि २०२१ च्या तौक्ते वादळानंतर तर प्रश्न आणखी जवळ आलाय. कांदळवन लाटेचा जोर मोडतं, हे सगळे मान्य करतात. पण खारबांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं आणि तिथे तिवर उगवली, की शेतकरी म्हणतो माझी जमीन गेली. कायदा कांदळवनाच्या बाजूने आहे, मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल कडक आहे. अशा वेळी वनविभाग, शेतकरी आणि गाबीत मच्छीमारांची वाडी यांना एका चटईवर बसवणारं माणूस लागतं. त्याला मासळीचं शास्त्र हवं, गटाचा हिशेब लिहिता यायला हवा आणि मालवणीत बोलता यायला हवं. यातलं तिसरं तुमच्या मुलीकडे आधीच आहे.

वाट सरळ आहे. रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, चार वर्षांची बी.एफ.एस्सी. ही मत्स्यविज्ञानाची पदवी, प्रवेश सीईटीवर. पुढे वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत एम.एफ.एस्सी. करता येते. मत्स्यव्यवसाय विभागातल्या पदांसाठी ही पदवी चालते. वनसेवेच्या परीक्षेला मात्र ठरावीक विषयांच्याच पदव्या चालतात; ती द्यायचीच झाली तर ही पदवी त्यात बसते का, हे प्रवेशाआधी तपासून घ्या. 

पैशाचं मात्र झाकून ठेवत नाही. संवर्धनातल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात. हरित हवामान निधीच्या मदतीने २०१९ मध्ये महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशात सुरू झालेल्या किनारपट्टी प्रकल्पासारखे प्रकल्प मुदतीचे असतात. मुदत संपली की माणसं दुसरं काम शोधतात. डॉक्टरकीच्या कमाईशी तुलना केलीत तर निराश व्हाल. म्हणून पदवी अशी घ्यावी, की मत्स्यबीज केंद्र, कोळंबी प्रकल्प, बँक, सरकारी खातं अशी इतर दारंही उघडी राहतील. ही पदवी तशी आहे.

आणि मुलीसाठी दोन गोष्टी. ग्रामपंचायतीत जाऊन लोकजैवविविधता नोंदवही मागून बघ. २००२ च्या कायद्याने ती ठेवायची असते. तुमच्या खाडीतली कालवं, खेकडे, मासे, त्यांचे हंगाम त्यात नीट लिहिलेत का, ते तपास आणि राहिलेलं लिहून गावाच्या जैवविविधता समितीपुढे ठेव. कंटाळा आला, तर हे काम तुझं नाही, हेही आत्ताच कळेल. दुसरं, पोहणं, प्रवाळ आणि डॉल्फिनचे फोटो दाखवून लाखांची फी मागणारा खासगी 'मरीन' डिप्लोमा दिसला, तर आधी विचार : विद्यापीठ कोणतं, मान्यता कुणाची, मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे कामाला आहेत. उत्तर लेखी मिळालं नाही, तर बाबांना एक रुपयाही भरू देऊ नकोस.