पहिला सर्फबोर्ड: स्वस्तात मिळतोय म्हणून सहा फुटी घेऊ नका

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून नोकरीसाठी गोव्यात म्हापशाला आलात, आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंगचे चार क्लास झाले, वजन 72 किलो आहे आणि खर्चाची तयारी 15 हजारांची. ऑनलाइन एक 6 फूट 2 इंचाचा फायबरचा बोर्ड 9 हजारांत मिळतोय, तो घ्यावा का?

नका घेऊ. बोर्ड कदाचित उत्तम असेल, पण तो तुमच्यासाठी नाही आणि आपल्या लाटांसाठी तर नाहीच.

आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात ऑक्टोबरपासून मेपर्यंत बहुतेक दिवस लाट गुडघ्यापासून कमरेपर्यंत असते. तळाशी वाळू, चढ हलका, त्यामुळे ती सावकाश येते आणि वरून चुरत चुरत फुटते. शिकायला याहून चांगली लाट नाही. पण तिच्यात जोर कमी, म्हणून ती पकडायला बोर्ड लांब, रुंद आणि जाड लागतो. छोटा बोर्ड उभ्या, वेगवान लाटेसाठी असतो. त्याच्यावर पालथं पडून हात मारायला लागलात की छातीपर्यंत पाण्यात बुडाल, आणि लाट पोटाखालून निघून जाईल. तासाभरात दोन लाटा मिळाल्या तर उभं राहायचा सराव होणार कधी? मोठ्या बोर्डावर तेवढ्याच वेळात पंधरा-वीस मिळतात.

लांबीइतकाच लिटरचा आकडा, म्हणजे बोर्डाचं आकारमान, बघा. पुष्कळ बोर्डांवर तो लांबी, रुंदी, जाडीच्या पुढे लिहिलेला असतो. एक लिटर पाण्याचं वजन साधारण एक किलो, म्हणजे 30 लिटरचा बोर्ड 72 किलोच्या माणसाला पाण्याच्या वर उचलून धरू शकत नाही, हे कागदावरच कळतं. सहा फुटी बोर्ड बहुधा त्याच आसपासचे असतात. नवशिक्याने आपल्या वजनाच्या आकड्याखाली जाऊच नये, थोडं वर राहिलेलं बरं. तुम्हाला 8 फुटी, 80 लिटरच्या आसपासचा सॉफ्टटॉप योग्य. म्हणजे क्लासमध्ये वापरलात तोच, मऊ पृष्ठभागाचा, ज्याला सगळे फोमी म्हणतात. डोक्यावर आपटला तरी सहसा खोक पडत नाही. आणि आपल्या किनाऱ्यावर उथळ पाण्यात पोरंबाळं डुंबत असतात, तुमच्या हातून सुटलेला बोर्ड त्यांच्याकडेच जातो. या एका कारणासाठीसुद्धा मी पहिल्या वर्षी कुणाला कडक बोर्ड सुचवत नाही.

15 हजारांत नव्या बोर्डाचा हट्ट धरू नका. मार्च ते मे या काळात हंगाम संपत येतो, सहा महिने राहिलेले लोक परत निघतात आणि बोर्ड विकायला काढतात. सर्फ स्कूलवालेही जुने फोमी काढून टाकतात. आश्वे-हरमलला जाऊन तोंडानेच विचारा. गेल्या वर्षी शेजारच्या मुलासाठी मी असाच एक 8 फुटी 12 हजारांत घेतला. वरचा फोम दोन ठिकाणी ओरखडलेला होता, बाकी ठणठणीत. उरलेल्या पैशांतून लीश, म्हणजे पायाला बांधायची दोरी, मात्र नवीच घ्या, बोर्डाच्या लांबीची. तिच्यात काटकसर नको.

जुना बोर्ड कसा तपासायचा ते नीट सांगतो, कारण मी स्वतः यात फसलो आहे. माझा पहिला बोर्ड मी हरमलला एका परत निघालेल्या माणसाकडून संध्याकाळच्या अंधारात घेतला. घरी आणून ओसरीवर उभा केला, तर सकाळी खाली ओल. शेपटीजवळ नखाएवढी चीर होती, तिच्यातून पाणी आत जाऊन बसलं होतं. म्हणून बोर्ड दिवसाउजेडी बघा. दोन्ही हातांनी उचला, त्याच मापाच्या दुसऱ्यापेक्षा जड वाटला तर आत पाणी असू शकतं. मग अंगठ्याने वरून टोकापासून शेपटीपर्यंत दाबत जा. कुठे फुग्यासारखं दबून परत वर आलं तर तिथला थर आतल्या फोमपासून सुटलाय. आडवी सुरकुती दिसली तर आतली लाकडी पट्टी मोडलेली असू शकते, तो सोडून द्या. फिन्स, म्हणजे बोर्डाखालचे पंख, धरून हलवा, आणि लीश बांधतात त्या खाचेभोवती तडे आहेत का बघा.

तो बोर्ड दुरुस्त करताना तर मी आणखी मोठी चूक केली. आमच्या गावात फायबरच्या होड्या दुरुस्त करतात, तिथून थोडं रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, आणलं आणि चिरेवर ओतलं. बघता बघता आतला पांढरा फोम विरघळून आत बसत गेला, मुठीएवढा खड्डा पडला. होड्यांचं रेझिन पॉलिएस्टरचं असतं आणि माझ्या बोर्डाच्या पोटात ईपीएस होतं, म्हणजे आपला थर्माकोलच. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन हे रसायन थर्माकोल खातं. ईपीएसच्या बोर्डाला एपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचं रेझिनच लागतं, आणि बहुतेक फोमींच्या पोटात ईपीएसच असतं. चीर दिसली की आधी बोर्ड पूर्ण वाळवा, मगच बुजवा.

उन्हाचंही तसंच. बंद गाडीत किंवा भर दुपारी वाळूत बोर्ड ठेवलात तर आतली हवा फुगून थर सुटतो. काम झालं की विहिरीच्या पाण्याने धुवून सावलीत आडवा ठेवा.

स्कूटरवरून नेणार असाल तर बाजूचा रॅक बसवून घ्या आणि शिवोलीचा पूल सावकाश ओलांडा. तिथे आडवा वारा लागला की 8 फुटी बोर्ड स्कूटरला ओढतो. जायचं पहाटेच. सकाळी वारा जमिनीकडून असतो आणि लाट साफ राहते, दुपारनंतर समुद्राकडचा वारा ती विस्कटून टाकतो. जून ते सप्टेंबर मात्र बोर्ड घरीच राहू दे. पावसाळ्यातला समुद्र शिकण्याचा नव्हे, जीवरक्षक लाल बावटे उगाच लावत नाहीत.

घेण्याआधी दोन रविवार 7, 8 आणि 9 फुटी भाड्याने घेऊन बघा, हाताला फरक कळेल. एखादा जुना बोर्ड पसंत पडला तर त्याच्या खालच्या बाजूचा आणि शेपटीचा फोटो इथेच टाका, पैसे देण्याआधी मी बघून सांगतो.