'फॉरेन एजंट'ला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा अशी आहे की रशियाच्या बातम्यांत 'फॉरेन एजंट' येतं, म्हणजे तिथलं सरकार कायद्याने संस्थांना, मीडियाला जे नाव लावतं ते, त्याचं कुणी 'परदेशी एजंट' करतं, कुणी 'परकीय हस्तक', मग बरोबर कुठलं?

माझं मत 'हस्तक' या शब्दाला. आपल्याकडे एजंट हा शब्द फारच गरीब आहे हो, एलआयसीचा एजंट, आरटीओबाहेर फायली घेऊन उभा असलेला एजंट, 'परदेशी एजंट' वाचलं की मला तर व्हिसा काढून देणाराच डोळ्यासमोर येतो. रशियनमध्येही विमेवाला 'अगेंत'च असतो, पण त्याच्याआधी 'इनास्त्रान्नी' म्हणजे परकीय लागलं की स्टालिनच्या काळापासून लोकांना ऐकू येतं ते हेर. कायदा करणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. 2012 मध्ये कायदा आला आणि त्याच नोव्हेंबरात मॉस्कोत 'मेमोरियल' या संस्थेच्या ऑफिसच्या भिंतीवर कुणीतरी रंगाने हेच दोन शब्द फासून गेलं, शेजारी बदामाचं चित्र आणि यूएसए. आता मेमोरियल काय करायची तर स्टालिनच्या काळात पोलंडचे हेर, जपानचे हेर म्हणून गोळ्या घातलेल्यांच्या याद्या गोळा करायची!

पण खरी गोम नामात नाही, क्रियापदात आहे. 'परकीय हस्तक असलेली संस्था' असं लिहिलं की आपणही सरकारचाच शिक्का मारला. 'ठरवलेली' लिहा, नाहीतर सरळ 'हस्तकाचा शिक्का बसलेली'. शिक्का हा शब्द इथे अगदी चपखल, कारण तिथे तो खरोखर छापावा लागायचा, मीडियासाठी तर 24 शब्दांचं एक वाक्य, मजकुराच्या दुप्पट आकाराच्या अक्षरांत, प्रत्येक बातमीला. हा शिक्का नीट लावला नाही हे कारण दाखवून डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने मेमोरियल बंद करायचा आदेश दिला, पुढच्या वर्षी तिला शांततेचं नोबेल मिळालं ती गोष्ट वेगळी. आणि 2022 च्या कायद्यानंतर तर बाहेरून पैसा आलाच पाहिजे असंही नाही, 'परकीय प्रभाव' पुरतो. म्हणून 'परकीय पैशावर चालणारी संस्था' हे भाषांतरसुद्धा आता चालणार नाही.

रशियाच्या आसपासच्या देशांसाठी मात्र हस्तक वापरू नका. किर्गिझस्तानच्या 2024 च्या कायद्यात शब्द आहे 'विदेशी प्रतिनिधी', ऐकायला किती सभ्य! जॉर्जियाने त्याच वर्षी 'परकीय सत्तेचं हित जपणारी संघटना' असं लांबण लावलं, पण राजधानी तिबिलिसीच्या रस्त्यावरच्या लोकांनी त्याला नाव ठेवलं 'रुसुली कानोनी', रशियन कायदा. यातलं कानोनी ओळखीचं वाटलं ना, ते ग्रीक 'कानोन'वरून आलंय आणि आपल्या कायदेकानूनमधला कानूनही तिथूनच, फक्त तो अरबी-फारसीतून फिरून आला.