सुळा आणि उपदाढ एकमेकांच्या जागी आले आहेत. आहे तसंच ठेवावं की तारा लावून जागा बदलावी?

तुम्ही लिहिलंय की १३ वर्षांच्या मुलीचा वरचा डावा सुळा पहिल्या उपदाढेच्या (एरवी सुळ्याच्या लगेच मागे असणाऱ्या छोट्या दाढेच्या) मागे उगवलाय. एक डॉक्टर म्हणतात क्रम तसाच ठेवून दात सरळ करू, दुसरे म्हणतात दोघांच्या जागा बदलून नेहमीचा क्रम लावू. मी रोज तारा बसवण्याचंच काम करते, त्यामुळे दोघांचंही म्हणणं मला कळतं. पण मुळं कुठे आहेत हे पाहिल्याशिवाय दोघांपैकी कोणालाच बरोबर म्हणता येणार नाही.

याला ट्रान्सपोझिशन म्हणतात. साधारण हजारात तीन-चार जणांत दिसतं. वरच्या जबड्यात जास्त, बहुतेकदा एकाच बाजूला, आणि सगळ्यांत नेहमीची जोडी हीच, सुळा आणि पहिली उपदाढ. त्याखालोखाल सुळा आणि त्याच्या पुढचा पटाशीचा दात. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. दाताचा अंकुरच आडवाटेनं जातो आणि ते बऱ्याचदा घराण्यात असतं. अशा मुलांमध्ये एखादा कायमचा दात मुळात नसणं किंवा पटाशीचा बाजूचा दात बारीक खुंटीसारखा असणंही बरंच आढळतं, तेही तपासून घ्या.

आता मुळांचं. कधी कधी फक्त वरचा, दिसणारा भाग एकमेकांना ओलांडून गेलेला असतो आणि मुळं आपापल्या जागीच असतात. तसं असेल तर दात नुसता कललेला आहे. तो उभा केला की क्रम आपोआप लागतो. मुळंसुद्धा बदललेली असतील तर ती पूर्ण अदलाबदल, आणि प्रकरण वेगळं. ओपीजीवर, म्हणजे सगळे दात एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेवर, अंदाज येतो, पण त्यात सगळं एका पातळीत चपटं दिसतं. कोणतं मूळ गालाकडे आणि कोणतं टाळ्याकडे, हे सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनमध्ये नीट कळतं. तो झाला नसेल तर आधी त्याबद्दल विचारा.

पूर्ण अदलाबदल असेल तर मी सहसा पहिल्या डॉक्टरांच्या बाजूची. दातांभोवतालचं हाड अरुंद असतं. दोन मुळांनी एकमेकांना ओलांडायचं म्हणजे एकानं टाळ्याकडून वळसा घ्यायचा आणि दुसऱ्यानं गालाकडच्या पातळ हाडाच्या कडेनं जायचं. घासली तर मुळं झिजतात, सुळा फार बाहेर सरकला तर हिरडी उतरते. शिवाय तारांचा काळ बराच वाढतो. वय लहान असेल, सुळा अजून बराच वर असेल आणि गालाकडे हाड भरपूर असेल, तर मात्र ते जमतं. त्यामुळे दुसरे डॉक्टर चुकीचंच सांगतायत असं म्हणणार नाही. त्यांना स्कॅनवर बोट ठेवून वाट दाखवायला सांगा.

क्रम तसाच ठेवला तर विचित्र दिसेल, ही भीती बहुतेकांना असते. उपदाढेला दोन टोकं असतात, बाहेरचं सुळ्यासारखं आणि आतलं बुटकं. दात किंचित फिरवला की आतलं टोक लपतं. ते खालच्या दातावर आपटत असेल तर थोडं थोडं घासून कमी करतात, एका बैठकीत सगळं नाही. बाहेरचं टोक गरज पडली तर काँपोझिटनं, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणानं, जरा टोकदार करतात. हसताना समोरच्याला कळत नाही. खरा फरक राहतो तो हिरडीच्या कमानीत, कारण सुळ्याची हिरडी उपदाढेपेक्षा थोडी उंच असते. वरचा ओठ हसताना खूप वर जात असेल तरच त्याची काळजी.

दात काढण्याचा पर्यायही असतो, पण तो जागा फारच कमी असेल किंवा दोघांपैकी एक दात आधीच खराब असेल तेव्हा.

दुधाचा सुळा तोंडात आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वरून ढकलणारा कायमचा सुळा तिथे नसल्यामुळे त्याचं मूळ झिजत नाही आणि तो घट्ट बसून राहतो. योजना ठरेपर्यंत तो घाईनं काढू नका. आणि घरी धाकटं भावंड असेल तर नवव्या-दहाव्या वर्षी वरच्या हिरडीवर, दुधाच्या सुळ्याच्या मुळाशी बाहेरून बोट फिरवून बघा. तिथे येऊ घातलेल्या सुळ्याचा उंचवटा लागायला हवा. लागला नाही, किंवा एकाच बाजूला लागला, तर तेव्हाच एक्स-रे काढा. त्या वयात दुधाचा सुळा वेळेवर काढून कायमच्याला वाट करून देता येते.