हुकूम पाच पानांवरच बोलायचा

लेकरा,

"सगळं स्पष्ट झालं की ठरवू" हे तुझ्या पत्रातलं वाक्य मला खुपलं. लातूरला राहून पुन्हा वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा द्यायची, की सीईटीच्या गुणांवर परभणीला कृषी पदवी घ्यायची? पत्त्यांचा पाच-तीन-दोन हा तिघांचा डाव खेळताना तू असं अडून बसत नाहीस.

एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत 28 पानं, वर इस्पिक-बदामाच्या सत्त्या, एकूण 30. प्रत्येकाला दहा. पण ज्याला पाच हात करायचेत, म्हणजे दहापैकी पाच फेऱ्या जिंकायच्यात, त्याला पहिली पाच पानं बघूनच हुकूम, म्हणजे बाकी रंगांना कापणारा रंग, बोलावा लागतो. सगळ्यांत जास्त भार त्याच्यावर, आणि ठरवायचंही त्यानंच, अर्ध्या पानांवर. हा नियम मला फार रास्त वाटतो. तो बोलल्याशिवाय उरलेली पानं वाटलीच जात नाहीत.

समज, इस्पिकाचा एकटा एक्का आला, बदामाची नव्वी आणि चौकटची राणी, दश्शी, अठ्ठी. नवखा एक्क्याला भुलून इस्पिक बोलतो. तू चौकट बोल. एक्का हुकूम नसला तरी बहुतेक वेळा हात करतोच. अठ्ठीला मात्र हुकूम झाल्याशिवाय कुणी विचारत नाही. एका विषयातले घसघशीत गुण म्हणजे तो एकटा एक्का. कुणी न सांगता रोज तुझ्या हातून जे काम होतं, ती तुझी चौकट. तिच्यावर बोल.

मग नीट खेळ. दुसऱ्यांकडे हुकूम शिल्लक असताना बाजूच्या रंगाचा राजा उतरू नकोस, कापला जाईल. आधी हुकमाचीच उतारी करून त्यांची पानं काढून घे. एखाद्या रंगाचं एकच हलकं पान असेल तर ते लवकर घालव, म्हणजे त्या रंगावर हुकूम मारता येतो.

आणि चारच हात झाले तर? ज्याचा हात जास्त झाला तो पुढच्या डावात तुझं एक पान न बघता ओढील, नको ते गळ्यात मारील. एवढंच. पाचाचा भार तोवर दुसऱ्याकडे गेलेला असतो.

मी घाई करायला लावत नाही. एका पानावर बोल, असं मी कधीच म्हणणार नाही. सोयाबीनसुद्धा 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरतात. पण सगळा पावसाळा बघून कुणी पेरतं का? बारावीचे गुण, नीटचा एक निकाल, सीईटीचा निकाल, घरची ऐपत, रोज जमणारं काम: तुझी पाच पानं हातात आहेत. पुन्हा सांगतो, पाचावरच बोलायचं असतं. उशिरा ठरवणाऱ्यांची हळहळ मी पुरेशी पाहिली आहे.

प्रवेशाचे पर्याय भरायची मुदत संपायच्या आत मला एका ओळीत हुकूम कळव. कारणं नंतर लिहिलीस तरी चालेल.