पेटिशन टाकलंय, तरी नवऱ्याला भेटायला जाऊ का?

ताई,
लग्नाला सव्वा वर्ष झालं. नवरा न्यू जर्सीत असतो, अमेरिकन नागरिक आहे. लग्नानंतर तीन आठवड्यांत तो परत गेला आणि लगेच माझं पेटिशन, म्हणजे बायकोला कायमचं तिकडे बोलावून घ्यायचा अर्ज, टाकलं. तेव्हापासून अर्ज कुठवर आला ते बघायला वेबसाइट उघडली की तेच एक वाक्य दिसतं. पहिला दिवाळसण फोनवर झाला. आईने जावयाचं ताट वाढलं, समोर तांब्याला मोबाइल टेकवून ठेवला आणि तो तिकडे मध्यरात्री जागा राहून श्रीखंडाकडे बघत बसला.

पुण्याहून सासूबाई म्हणतात, टुरिस्ट व्हिसावर जा, एकदा पोचलीस की कागद तिथेच बदलून घेता येतात. त्यांच्या ओळखीतल्या एकीने तसंच केलं. इथला एजंट म्हणतो, फॉर्ममध्ये पेटिशनचं लिहूच नका, मैत्रिणीकडे जातेय म्हणा. नवरा म्हणतो, तुला पटेल ते कर. त्याला सुट्टी मिळत नाही. मी सातपूरला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. व्हिसा कधीही येईल, म्हणून आत्ताच राजीनामा देऊन टाकावा असंही वाटतं. बाहेर पडलं की सगळ्यांचा एकच प्रश्न, "अजून इथेच?" मी भेटायला जाऊ का? त्याने माझा मूळ व्हिसा बिघडेल का?
– एक वाचक, नाशिक

अगं, अर्ज जरूर कर. पेटिशन चालू असताना भेटीचा बी-२ व्हिसा मागायला कायद्याची आडकाठी नाही. फक्त तो मिळेलच असं धरून बॅगा काढू नकोस. अमेरिकेचा कायदा असं मानूनच चालतो की पर्यटक व्हिसा मागणारा माणूस तिथे राहायलाच निघालाय. तसं नाही हे पटवायची जबाबदारी अर्ज करणाऱ्याची. आणि तुझ्या बाबतीत तर राहायला जायचं आहे हे कागदावरच आहे. म्हणून अशा अर्जांना कलम २१४(ब) खाली नकार मिळणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

नकार मिळाला तर १८५ डॉलर फी बुडेल, आणि पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये "याआधी व्हिसा नाकारला आहे का?" याला "हो" लिहावं लागेल. बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसात तू परत येणार का हा प्रश्नच नसतो, तिथे राहायलाच तर बोलावलेलं असतं. त्यामुळे हा नकार त्या फायलीला बाधत नाही.

बाधतं ते खोटं. भेटीच्या व्हिसासाठी भरायच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये स्पष्ट विचारलेलं असतं की तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पेटिशन दाखल केलंय का. नवरा अमेरिकेत आहे का, नागरिक आहे की ग्रीन कार्डवर, हेही विचारतात. तुझा एजंट म्हणतो तसं करणं म्हणजे ज्या घरात पुढच्या खोलीत आपली फाइल उघडी पडली आहे, त्याच घराच्या दारात उभं राहून "मी तुम्हाला ओळखत नाही" म्हणणं. व्हिसा मिळवायला जाणूनबुजून खोटं सांगितलं असं एकदा ठरलं की प्रवेशबंदी कायमची. माफीचा अर्ज असतो, पण तो वेगळा वेळखाऊ खटाटोप, आणि माफी मिळेलच याची हमी नाही. एजंटाला तेव्हा फोन लावलास तर तो म्हणेल, मॅडम, सही तुमची आहे. आणि ते खरंच असेल.

आता सासूबाईंचा सल्ला. तो पूर्ण खोटा नाही, म्हणूनच धोक्याचा आहे. कायदेशीरपणे आत आलेल्या नागरिकाच्या बायकोला तिथूनच ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो, आणि त्यांच्या ओळखीतलीचं जमलंही असेल. पण मनात राहायचं ठरवून तोंडाने "फिरायला आले" म्हणणं ही त्या कायद्याच्या नजरेत फसवणूकच. पकडलं गेलं तर वर सांगितलं तेच. आणि नाही पकडलं गेलं, तरी एक गोष्ट कोणी सांगत नाही. तिथे अर्ज टाकल्यावर आगाऊ परवानगी न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की साधारणपणे तो अर्ज सोडून दिला असंच धरतात. ती परवानगी यायलाही महिने लागू शकतात. तेवढ्यात नाशिकला तुझ्या वडिलांना दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर? हा प्रश्न त्या ओळखीतल्या बाईंना विचारून बघ.

म्हणून आधी स्वतःला विचार. तिथे तीन-चार आठवडे संसार मांडलास, आणि निघायच्या आदल्या रात्री तो म्हणाला "राहा ना", तर परत येशील का? उत्तर "माहीत नाही" असेल तर हा अर्ज करू नकोस. "हो, येईन" असेल तर मुलाखतीत तेच बोल. नवरा तिथे आहे, पेटिशन चालू आहे, माझी इमिग्रंट मुलाखत मुंबईतच व्हायची आहे, त्यासाठी मला परत यायचंच आहे, तोवर चार आठवडे भेटून येते. कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र सोबत ठेव, त्यावर कामावर हजर व्हायची तारीख हवी. अधिकारी कागद बघेलच असं नाही. सगळं दोन-तीन मिनिटांत आटोपतं, म्हणून उत्तरं आखूड असावीत. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत तिकिटाचे पैसे भरू नकोस.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला असंही नाही. विमानतळावरचा अधिकारी पुन्हा तेच विचारणार, आणि पटलं नाही तर त्याला परत पाठवता येतं. परत पाठवण्याचा रीतसर आदेश काढला तर पाच वर्षांची बंदीही लागू शकते. ते बॅगा उघडतात, फोनही पाहू शकतात. चार आठवड्यांच्या पाहुणीच्या बॅगेत पदवीची मूळ प्रमाणपत्रं, लग्नातले सगळे दागिने आणि वर्षभराचं मेतकूट-गोडा मसाला निघाला, तर तू काय सांगणार? तुझ्या आईला हे आधीच सांगून ठेव. ती गुपचूप भरेल.

हे झालं व्हिसाचं. आता पत्रातल्या ज्या वाक्यावरून तू घाईने पुढे गेलीस त्याकडे येते. "त्याला सुट्टी मिळत नाही."

तुला तिथे जायला एका परक्या सरकारची मनधरणी करावी लागते. त्याला इथे यायला काय लागतं? परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असेल तर व्हिसासुद्धा नाही. नसेल तर ई-व्हिसा, तोही घरी बसून. अमेरिकेत पगारी रजा द्यायची कंपन्यांना केंद्रीय कायद्याने सक्ती नाही, हे मला माहीत आहे. नव्या नोकरीत तर दहा दिवसही मोजून मिळतात. तरी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला बहुतेक ऑफिसांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते. आधीचे सोमवार ते बुधवार तीन रजा टाकल्या की दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवस होतात. प्रवासात दोन गेले तरी सात उरले. सव्वा वर्षात एकदाही हे गणित मांडलं गेलं नसेल तर का, हे त्याला विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. भांडायला नको, पण विचार. कारण खरंच नोकरीचं असेल, तिकिटाच्या पैशाचं असेल, की आणखी काही, ते तुला कळायला हवं. उरलेलं आयुष्य तू त्याच्या भरवशावर सातासमुद्रापार जाऊन काढणार आहेस.

"तुला पटेल ते कर" हेही मला खटकलं. ऐकायला समजूतदार वाटतं, पण धोक्याचा निर्णय तुझ्या अंगावर टाकून तो मोकळा झाला. पेटिशन त्याने टाकलंय. वकील केला असेल तर त्यानेच केला असणार. वकिलाला हे सगळे प्रश्न त्यानेच विचारायला हवेत, आणि उत्तरं लेखी मागवून तुला पाठवायला हवीत.

तो आला तर फायलीचंही भलं होतं. लग्न खरं आहे का हेच तर ते तपासतात. लग्नानंतर पुन्हा भेटल्याचे बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, दोघांचे फोटो, सगळं एका फोल्डरमध्ये ठेव. इथे येऊन घरच्यांच्या गराड्यात दोघांना बोलायलाच मिळत नाही, असं असेल तर मॉरिशसला भेटा. भारतीय पासपोर्टवर तिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही, त्यालाही नाही.

राजीनामा मात्र अजिबात देऊ नकोस. भेटीच्या व्हिसासाठी नोकरी हाच तुझा सगळ्यात भक्कम कागद आहे. शिवाय इमिग्रंट व्हिसा शिक्का बसल्यावर सहसा सहा महिन्यांपर्यंत चालतो, म्हणजे नोटीस पिरियड भरून, निरोपाचे पेढे खाऊनही वेळ उरेल. आणि "अजून इथेच?" विचारणाऱ्यांना सांग, हो, आणि पुढच्या महिन्यात इन्क्रिमेंट आहे.

वेबसाइट रोज उघडून ती हलत नाही. त्यापेक्षा तुझा जन्मदाखला काढून बघ. आपल्याकडे अनेकांच्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, किंवा आईचं नाव एक आणि पासपोर्टवर दुसरं असतं. ते दुरुस्त करायला महापालिकेत फेऱ्या घालाव्या लागतात, त्या आत्ताच घाल. लग्नाचा दाखला निबंधकाकडचाच हवा, कार्यालयाची पावती आणि पत्रिका चालत नाही. पासपोर्टवर सासरचं नाव लावायची घाई नको. माहेरच्या नावावरही व्हिसा मिळतो. पोलिसांचा दाखला आणि मेडिकल पुढच्या टप्प्यात लागतात, आत्ता काढलेस तर जुने होतील. उशिराचा एक छोटासा फायदाही आहे. तिथे पोचशील तेव्हा लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली असली, तर दोन वर्षांच्या अटीच्या ग्रीन कार्डाऐवजी थेट दहा वर्षांचं मिळतं, आणि अट काढून घ्यायचा पुढचा अर्ज वाचतो.

राहिल्या सासूबाई. त्यांना नातवंडांचे बेत रंगवायची घाई झाली असेल, त्यात वाईट हेतू नाही. पण टुरिस्ट व्हिसावर जाऊन राहायचं नाही, हे त्यांना तू सांगायला जाऊ नकोस. सुनेने सांगितलं की तो नकार होतो, मुलाने सांगितलं की नियम होतो. हा फोन त्यानेच करायचा, आणि तोही तुला कॉन्फरन्सवर न घेता.