नाडी लागतेय, तरीही

प्रिय डॉक्टर,

पहिली नाइट लागल्याचं कळवलंस. छातीत दुखणारा पेशंट कॅज्युअल्टीत कुणी विसरत नाही. विसरला जातो तो प्लास्टर घालून कोपऱ्यातल्या कॉटवर झोपवलेला. म्हणून आज फक्त कंपार्टमेंट सिंड्रोमबद्दल, म्हणजे स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याबद्दल लिहितो.

मी हाउसमन असताना मोटारसायकलवरून पडलेला एक पोरगा आला होता. नडगीचं हाड मोडलेलं, प्लास्टरचा स्लॅब घातलेला. इंजेक्शन देऊनही विव्हळत होता. सिस्टर दोनदा सांगून गेल्या. मी नाडी पाहिली, लागत होती. ‘नाटकं करतोय’ म्हणत आणखी एक इंजेक्शन लिहिलं. सकाळी राउंडला सरांनी त्याच्या पायाचा अंगठा हलकेच खाली वाकवला, तसा तो किंचाळला. अंगठा आणि शेजारच्या बोटामधली खाच बधिर झाली होती. त्याचं पाऊल पुढे कायमचं लोंबतं राहिलं.

स्नायूंभोवतीचं फॅशियाचं आवरण ताणत नाही. आत सूज आली की दाब वाढतो आणि केशवाहिन्या आधी मिटतात. मोठ्या धमनीतला दाब जास्त, म्हणून नाडी लागतच राहते. ती जाईपर्यंत वाट पाहिली, तर स्नायू मेलेलाच हाती लागतो. औषधाला न जुमानणारं, वाढत जाणारं दुखणं हीच खूण. लहान मूल सांगू शकत नाही, ते कासावीस होतं आणि त्याला दुखण्याचं इंजेक्शन सारखं लागतं. बेशुद्ध, दारू प्यालेला किंवा नस बधिर करणारा ब्लॉक दिलेला पेशंट तर काहीच सांगणार नाही. त्याची पोटरी तासातासाला स्वतः चाचपून बघ. हाडवैद्याने कामट्या आवळून बांधलेला हात दिसला, तर केसपेपर नंतर, कामट्या आधी.

प्लास्टर कातडी दिसेपर्यंत काप, आतल्या कापसासकट. पाय उशीवर चढवू नको, हृदयाच्या पातळीला ठेव. दाब मोजायची सोय असेल, तर डायस्टोलिकमधून, म्हणजे बीपीच्या खालच्या आकड्यातून, कप्प्यातला दाब वजा कर. 30 च्या खाली आलं की फॅशिओटॉमी, फॅशिया चिरून दाब मोकळा करायचा. म्हणजे बीपी पडलं तर कमी दाबही घातक. सोय नसेल तर त्यासाठी अडून राहू नको. गुडघ्याखालच्या पायात चार कप्पे, चारही मोकळे व्हायला हवेत. साधारण 6 तासांनंतरचं नुकसान सहसा भरून येत नाही. मेलेल्या स्नायूमुळे लघवी कोका-कोलासारखी काळपट झाली तर सलाइन वाढव, पोटॅशियम बघ. घोणस चावून सुजलेल्या पायाला मात्र सुरीची घाई नको. आधी अँटिव्हेनम (विषावरचं औषध), रक्त गोठतंय का ते बघणं.

दुखणं कधी वाढलं, प्लास्टर कधी कापलं, फोन कुणाला केला, सगळं वेळेसकट लिही. रात्री तीनला सरांना उठवायचा संकोच वाटला, तर मला फोन कर. मी उठवतो त्यांना.

तुझा,
सर